उद्याच्या भाडेकरूची खोली



आजच्या व्याख्यानासाठी मी मुद्दाम लहान प्रश्न निवडला आहे. गृहनिर्माण म्हटले की आपल्याकडे लाखांचे आकडे, उंच मनोरे आणि चावीवाटपाची छायाचित्रे समोर येतात. मला त्यातला एकच कोपरा पाहायचा आहे. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड आणि वरळी या मुंबईच्या मधल्या पट्ट्याला गिरण्या जाऊनही आपण सवयीने गिरणगाव म्हणतो. या पट्ट्यात यंदा कामाला लागलेल्या आणि महिन्याला अठरा-वीस हजार मिळवणाऱ्या माणसाला भाड्याने खोली कुठे आणि कशी मिळते, एवढाच तो प्रश्न आहे. हा माणूस कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही. मोठ्या रुग्णालयातला कंत्राटी वॉर्डबॉय, लोअर परळच्या काचेच्या इमारतीतला सुरक्षारक्षक, त्याच इमारतीत लादी पुसणारी बाई, मोटारसायकलवरून जेवण पोहोचवणारा मुलगा. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा भाड्यात जावा असा ढोबळ हिशेब धरला, तर यांच्या हातात भाड्यासाठी सहा-साडेसहा हजार येतात. तेवढ्यात या भागात कागदावर करार होऊन, स्वतःचे दार असलेली खोली मिळत नाही. जमीन महाग आहे म्हणून मिळत नाही, हे उत्तर मला अपुरे वाटते. या शहरात स्वस्त भाड्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या काही तर सार्वजनिक पैशातून बांधलेल्या होत्या. गेल्या पाऊणशे वर्षांत कायद्याने, करांच्या रचनेने आणि फुकट घराच्या राजकारणाने आपण त्या एकेक करून कुणाच्या तरी मालकीच्या करून टाकल्या. काल राहत असलेल्या भाडेकरूला आपण पुष्कळ दिले. उद्या येणाऱ्याच्या वाटणीचे काही मागे ठेवले नाही.

गिरणगाव उभे राहिले ते भाड्यावर, हे आधी लक्षात घ्यायला हवे. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस इथे घर घ्यायला आलाच नव्हता. तो पाळीवर कामाला जाई, खाणावळीत जेवे आणि गावकीच्या खोलीत वळकटी टाकून झोपे. एका पाळीचे लोक कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर आडवे होत. या जगण्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यात हवा नव्हती, नळाला रांग होती आणि बायकांना जागाच नव्हती. १८९६च्या प्लेगने हे सगळे उघड्यावर आणले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले, म्हणजे आपले बीडीडी. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. पैसा उभा राहणार होता तो शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर लावून. ज्या धंद्यासाठी मजूर लागतात त्या धंद्यानेच त्यांच्या निवाऱ्याचा भार उचलावा, हे तत्त्व त्या करात होते, आणि पुढच्या काळात ते आपण पार विसरलो. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उठल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची. पहिली काही वर्षे यातल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. भाडे कामगाराला परवडत नव्हते, काही चाळी गिरण्यांपासून लांब होत्या आणि सिमेंटच्या त्या कोंदट पेटाऱ्यांत राहायला माणसे नाखूश होती. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. सरकारने बांधले की गरीब आपोआप राहायला येतात, हा समज त्या दशकातच मोडायला हवा होता. जागा कुठे आहे आणि भाडे किती आहे, या दोन गोष्टींवर सगळे ठरते. पुढे गिरण्यांच्या भरभराटीत आणि लोकसंख्येच्या रेट्यात याच चाळी माणसांनी ओसंडून वाहू लागल्या.

दुसरी गोष्ट भाडे नियंत्रणाची. मुंबईत त्याची सुरुवात १९१८च्या युद्धकालीन कायद्याने झाली, आणि १९४७च्या कायद्याने त्याला कायमचे रूप आले. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे धरले गेले आणि ते जवळपास तिथेच थिजले. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात या कायद्याने लाखो कुटुंबांना रस्त्यावर येण्यापासून वाचवले, हे नाकारता येणार नाही. पण पंचवीस-तीस रुपयांच्या भाड्यात मालक जिना दुरुस्त करीत नाही. तो गळक्या छपराकडे पाठ फिरवतो आणि खोली हातची गेली असे मानून बसतो. नवी इमारत भाड्याने देण्यासाठी बांधणारा तर वेडाच ठरला असता. खोलीचा ताबा हीच मग संपत्ती झाली, आणि तो ताबा पागडी घेऊन हस्तांतरित होऊ लागला. कायद्याने गुन्हा असलेली पागडी कित्येक दशके उघड चालली. इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळ आले. त्या वेळी शहर भागात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागू असलेल्या, इमारती मोजल्या गेल्या. १९७३च्या दुरुस्तीने आणखी एक गाठ मारली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानले गेले. घर कुणाला राहायला दिले की ते परत मिळत नाही, हा धडा मालकांच्या पुढच्या दोन पिढ्यांनी पाठ केला. शेवटी डिसेंबर १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले प्रमाण भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे सांगितले, आणि ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली, पागडी कायदेशीर ठरली आणि नव्या व्यवहारांसाठी लिव्ह अँड लायसन्सचा राजमार्ग खुला झाला.

इथे मला पहिल्या मोठ्या आक्षेपाशी थांबायचे आहे. अर्थशास्त्राचा अभ्यास केलेले बहुतेक जण म्हणतील, बिघाड कुठे झाला हे तुम्हीच सांगितलेत. भाडे नियंत्रणाने भाड्याची घरे मारली. ते उठवा, मालकाला घर परत मिळण्याची खात्री द्या, पुरवठा आपोआप वाढेल. १९४७ ते २००० या काळापुरते हे बव्हंशी खरे आहे. पण त्या उपायाचा प्रयोग आपण केव्हाच केलेला आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात भाडे दोघांच्या मर्जीने ठरते आणि दर वर्षी वाढवता येते. मुदत संपल्यावर राहणारा उठला नाही, तर कायदा त्याच्यावर दुप्पट रकमेची भरपाई लादतो. नव्या व्यवहारांपुरते नियंत्रण उठून पाव शतक झाले. या काळात वस्तीतल्या झोपडीपासून लोअर परळच्या पन्नासाव्या मजल्यापर्यंत भाडे बाजारानेच ठरवले. तरीही परळच्या वॉर्डबॉयला सहा हजारांत खोली मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणीने दोन आकडे शेजारी ठेवले होते. शहरी भारतात भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होते, ते २०११ साली २८ टक्क्यांवर आले. आणि २०११च्या जनगणनेत सर्वाधिक रिकामी घरे असलेले शहर मुंबई होते. ती संख्या होती सुमारे ४ लाख ८० हजार. ही गणना नवा कायदा लागू झाल्यानंतर अकरा वर्षांनी झाली. मालकाला घर परत मिळण्याची खात्री एवढाच अडसर असता, तर इतकी कुलपे उरली नसती.

कुलूप का राहते, याचे उत्तर हिशेबात आहे. मुंबईत घराच्या किमतीवर भाड्यातून वर्षाला दोन-तीन टक्के सुटतात. बँकेत ठेव ठेवली तर याहून अधिक मिळते. म्हणजे दुसरे घर घेणारा भाड्यासाठी घेतच नाही. किंमत चढेल म्हणून घेतो, आणि भाडेकरूची कटकट त्याला नको असते. यात सरकारने स्वतःची भर घातली आहे. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. सामान्य माणसाला दिलासा म्हणून ते ठीक; पण त्याच माफीत रिकामे ठेवलेले लहान घरही येते. २०१९च्या अर्थसंकल्पाने दुसरे घरही स्वतःच्या वापरातले मानायला परवानगी दिली, त्यामुळे त्याच्या काल्पनिक भाड्यावरचा आयकर गेला. आता सोसायटीकडे पाहा. घर भाड्याने दिले तर सोसायटी सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते; घर कुलूपबंद ठेवले तर लावत नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर आहे, कराराला मुद्रांक शुल्क आहे, नोंदणी आहे, पोलीस पडताळणी आहे, एजंटची दलाली आहे. कुलुपावर यातले काहीच नाही. माणसाला राहू देण्याचा दंड आणि न राहू देण्याची सूट, अशी ही व्यवस्था आपण जाणूनबुजून केली असे मी म्हणणार नाही. पण ती तशी आहे.

बाजारात खोली शोधायला निघालेल्याच्या वाट्याला काय येते, तेही पाहू. करार अकरा महिन्यांचा. डिपॉझिट पाच-सहा महिन्यांच्या भाड्याइतके आणि वर एजंटचा एक महिना. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्याने निवासी जागेसाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण तो राज्यांसाठी नमुना आहे, आणि आपल्याकडचा व्यवहार जुन्याच वाटेने चालतो. एवढी रोकड ज्याच्याकडे नाही तो चाळीतल्या किंवा वस्तीतल्या पोटभाड्याच्या खोलीकडे वळतो. तिथे कागद बहुधा नसतो. काही ठिकाणी हेवी डिपॉझिटची चाल आहे: एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडे नाममात्र किंवा नाहीच, आणि जाताना रक्कम परत. ही रक्कम पतपेढीतून, दागिने गहाण टाकून, गावचा तुकडा विकून येते, आणि इमारत पुनर्विकासाला गेली की ती अडकण्याची भीती असते. मूळ भाडेकरूचे नाव यादीत असते. याचे कुठेच नसते. त्याआधी खोली दाखवायची की नाही, हे आडनावावर, धर्मावर, मांसाहारावर, बाई एकटी आहे का यावर ठरते, हे आपण सर्व जण जाणतो. विक्रीच्या बाजारात पैसा या भिंती थोड्याफार खाली आणतो. स्वस्त भाड्याच्या बाजारात त्या पुऱ्या उंचीने उभ्या आहेत, कारण एका खोलीमागे दहा गरजू उभे असतात आणि नाकारण्याची किंमत मालकाला शून्य पडते.

मग सरकारने काय केले? सरकारने मालकी वाटली. १९९५ पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसनात ठरावीक तारखेआधीचा झोपडीधारक पात्र ठरतो आणि त्याला मोफत घर मिळते. आधी २२५, मग २६९, आणि आता ३०० चौरस फूट. झोपडीत भाड्याने राहणारा मात्र या हिशेबात येत नाही. पुष्कळ वस्त्यांत खाली मालक आणि पोटमाळ्यावर भाडेकरू अशी रचना आहे. पुनर्वसन झाले की खालच्याला सदनिका मिळते आणि वरचा पुढच्या वस्तीत पोटमाळा शोधायला निघतो. धारावीच्या योजनेत २०२४ साली पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्यांची सोय लिहून ठेवली गेली, आणि तिचे स्वरूप बोलके आहे: धारावीबाहेर, भाडे-खरेदी तत्त्वावर. म्हणजे तिथेही भाडे हा मालकीकडे जायचा लांबचा रस्ता, आणि कामाच्या जागेपासून लांबचाही. गिरण्यांच्या जमिनींचे तेच झाले. १९९१च्या नियमात जमिनीचा तिसरा हिस्सा राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला म्हणजे म्हाडाला, तिसरा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी अशी वाटणी होती. २००१च्या बदलाने ती फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. जे तुकडे म्हाडाच्या हाती आले त्यांवर गिरणी कामगारांसाठी घरे झाली, सोडतीने विकली गेली, आणि अर्ज केलेल्या पावणेदोन लाखांपैकी बहुसंख्य अजून थांबलेले आहेत. त्यांच्या हक्काबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९८२च्या संपात उद्ध्वस्त झालेल्यांना काही देणे लागतच होते. पण त्या जमिनीवर एकही खोली कायम भाड्याची राहिली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

भाड्याच्या घरांची स्वतंत्र योजना राज्याने एकदा केली होती. २००८ साली एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या, महिना ८०० ते १५०० रुपये भाड्याच्या खोल्यांची घोषणा केली. विकासकाला त्या बदल्यात चटईक्षेत्राची खैरात होती. खोल्या झाल्या त्या जमीन स्वस्त होती तिथे, शहराच्या टोकाला. आणि झाल्यावर भाड्याने द्यायला यंत्रणाच नव्हती. थोड्याच वर्षांत योजना विक्रीच्या परवडणाऱ्या घरांकडे वळली. पनवेलजवळ कोन इथे अशा दोन-दोन खोल्यांच्या मधली भिंत काढून ३२० चौरस फुटांची घरे केली आणि २०१६ साली गिरणी कामगारांना सोडतीने दिली. टाळेबंदीत मजूर पायी गावी निघाले तेव्हा केंद्राला भाड्याच्या घराची आठवण झाली. जुलै २०२० मध्ये परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना आली. देशभर बांधून पडून असलेली सुमारे ८३ हजार सरकारी घरे भाड्याने द्यायची होती. प्रत्यक्षात दिली गेली ती सहा हजारांच्या आत. इच्छा कमी पडली असे मी म्हणणार नाही. ती घरे जिथे होती तिथे काम नव्हते. बीडीडीच्या रिकाम्या खोल्यांचा धडा शंभर वर्षांनी पुन्हा गिरवला गेला.

आणि आता खुद्द बीडीडी. मुंबईच्या मध्यावर, रुग्णालये, कार्यालये, रेल्वे स्थानके यांच्या पायरीशी असलेल्या सार्वजनिक मालकीच्या भाड्याच्या खोल्या. त्यांचा पुनर्विकास म्हाडा करते आहे, आणि १६० चौरस फुटांच्या भाडेकरूला ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका मोफत मिळते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तीन पिढ्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत काढलेल्या घरात स्वतःचे न्हाणीघर येते, हा आनंद कुणी हिणवू नये. पण याच चाळींत पोलिसांच्या खोल्याही होत्या. त्या नोकरीतल्या शिपायाला सेवेपुरत्या मिळत आणि निवृत्तीनंतर पुढच्याकडे जाव्यात असे अपेक्षित होते. अशी सुमारे २२५० कुटुंबे. त्यांनाही मालकी द्यायचे ठरले. किंमत आधी ५० लाख सांगितली गेली, मग २५, आणि २०२२ साली १५ लाखांवर आली. निवृत्त शिपायाच्या डोक्यावर छप्पर हवे, हे मान्य. मात्र आज भरती झालेल्या, सातारा-जळगावहून आलेल्या शिपायाने वरळीत कुठे राहायचे? ती खोली त्याच्या वाटणीची होती. ती आपण एकदाच, एकाला, कायमची देऊन टाकली. माझा सगळा युक्तिवाद या एका उदाहरणात बसतो.

याला जे उत्तर मिळते ते भावनेचे नाही, व्यवहाराचे आहे, म्हणून त्याचा विचार करायला हवा. सरकार हा वाईट घरमालक असतो, असे म्हटले जाते. बीडीडीचेच पाहा: नाममात्र भाडे, थकबाकी, पडझड, वारसांचे वाद आणि हस्तांतरणाचे चोरटे व्यवहार. म्हाडाची संक्रमण शिबिरे पाहा, जिथे वर्षानुवर्षे 'घुसखोर' राहतात. विकून मोकळे होणे बरे. मला हे आरोप खरे वाटतात. त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. बीडीडीचे भाडे वाढले नाही ते राजकीय भीतीमुळे, आणि न वाढलेल्या भाड्यातून दुरुस्ती होत नाही हे खाजगी चाळींनीही दाखवले. उत्पन्नाच्या प्रमाणात भाडे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याची फेरतपासणी, हे जर करारातच लिहिलेले असेल आणि वसुली मंत्रालयाच्या दारात न जाता स्वतंत्र न्यासाकडे असेल, तर चित्र बदलू शकते. संक्रमण शिबिरातला घुसखोर तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. दलालाला पैसे देऊन, अपात्र ठरण्याची भीती पत्करून, गळक्या खोलीत माणूस राहायला येतो, याचा अर्थ शहराच्या मध्यावर स्वस्त भाड्याची गरज आहे आणि ती आज बेकायदा किमतीला भागवली जाते. जो पैसा दलालाकडे जातो तो न्यासाकडे का जाऊ नये?

लोकांना मालकीच हवी असते, असा दुसरा मुद्दा. म्हाडाच्या मुंबईतल्या २०२४च्या सोडतीत २०३० घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले, हे त्याचे प्रमाण म्हणून दाखवतात. पण भाड्याच्या घरात अकरा महिन्यांची खात्री आणि मालकीच्या घरात जन्माची खात्री, एवढेच दोन पर्याय असतील तर कोण काय निवडेल? पाच वर्षांचा, नूतनीकरणाचा हक्क असलेला, न्यायालयात उभा राहणारा भाडेकरार जोवर कुणी पाहिलेला नाही, तोवर लोकांना तो नको आहे असे म्हणता येत नाही. ज्या काळात बीडीडीच्या चाळी उठत होत्या त्याच काळात, १९२३ पासून, व्हिएन्नाच्या महापालिकेने घरांवर चढत्या दराचा कर बसवून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर भाड्याची घरे बांधली. आज त्या महापालिकेकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरे आहेत. तिथल्या आणि इथल्या उत्पन्नात जमीन-अस्मानाचा फरक आहे, ही हरकत मला ठाऊक आहे. १९२३चे व्हिएन्ना मात्र युद्ध हरलेले आणि चलन कोसळलेले शहर होते. फरक इतकाच की त्यांनी बांधलेले विकले नाही. ब्रिटनने १९८०च्या कायद्याने पालिकेची घरे राहणाऱ्यांना सवलतीने विकली. लंडनमध्ये त्यातला मोठा हिस्सा पुढे खाजगी मालकांकडे गेला आणि तीच घरे पालिकेच्या भाड्याहून कितीतरी चढ्या भाड्याने दिली जाऊ लागली.

तिसरा आक्षेप मोठ्याने कुणी बोलत नाही, पण सर्वांत बलवान तोच आहे: इथे बाहेरचा कोण येणार? २०२१ साली टाटा रुग्णालयातल्या कर्करुग्णांच्या नातेवाइकांसाठी करी रोडला म्हाडाच्या १०० सदनिका द्यायचे ठरले तेव्हा तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि शेवटी बॉम्बे डाइंगच्या जागेत सोय झाली. गावोगावचे रुग्ण उपचारासाठी परळच्या पदपथावर मुक्काम करतात, हे ज्या वस्तीने आयुष्यभर पाहिले तिने हे केले. मी त्या रहिवाशांना दोष देण्यापेक्षा त्यांची भीती समजून घेईन. गिरण्या गेल्या, शेजारी गेले, मनोरे आले, आणि नव्या माणसाचा प्रत्येक प्रवेश आपल्या बेदखलीचा पुढचा हप्ता वाटू लागला. पण त्यांच्याच घरातला हिशेब मांडून पाहा. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन भाऊ वाढले. पुनर्विकासात सदनिका मिळते एक. एक भाऊ राहतो, दुसरा डोंबिवलीला जातो, तिसरा विरारला, आणि दोघेही रोज गाडीला लोंबकळून परळलाच कामाला येतात. लालबागच्या गणपतीला ते पाहुणे म्हणून येतात. उद्याचा भाडेकरू परप्रांतातून येईल तसा याच चाळीतून, याच घरातूनही येणार आहे. शेजारीच राहण्याची संधी त्याला मालकीतून मिळणार नाही. तेवढी मालकी या जमिनीवर मावणार नाही. भाड्यातून मात्र मिळू शकते.

पैसा कुठून येणार, हे विचारणे रास्त आहे. नवे काही काढण्याआधी आहे तो साठा विकायचा थांबवावा, असे मी म्हणेन. बीडीडीच्या जमिनीवर पुनर्वसनाखेरीज विक्रीच्या सदनिका येणार आहेत. त्यातून म्हाडा खर्च भरून काढणार आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासातूनही म्हाडाला अतिरिक्त घरे मिळतात. यातला ठरावीक हिस्सा, दहातला एक म्हणा, विक्रीतून कायमचा बाजूला काढावा आणि हस्तांतरित न होणारे, विकता न येणारे, वारशाने न जाणारे भाड्याचे घर म्हणून नोंदवावा. रिकाम्या दुसऱ्या घरावरची मालमत्ता कराची माफी काढली आणि भाड्याने दिलेल्या घरावरचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज रद्द केला, तर त्या न्यासाला पैसा मिळेल आणि खाजगी कुलपेही काही उघडतील. इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. ही घरे चाळीस मजली मनोऱ्यात असून चालणार नाहीत. लिफ्ट, पंप, अग्निशमन यांचा मासिक खर्चच सहा हजारांचा मोठा भाग खाऊन टाकतो. आज मोफत सदनिका मिळालेल्या पुष्कळ कुटुंबांपुढेही देखभाल खर्चाचा हा प्रश्न उभा राहणार आहे, आणि त्यातली काही ती सदनिका भाड्याने देऊन स्वतः लांब जातील. बाजूला काढायचा हिस्सा सात-आठ मजल्यांच्या वेगळ्या इमारतींत हवा, खोल्या १८० पासून ३०० चौरस फुटांपर्यंत हव्यात, आणि काही मजले एकट्या बायकांसाठी, काही रुग्णांच्या नातेवाइकांसाठी तीन-तीन महिन्यांच्या मुदतीने हवेत.

प्रवेशाचा निकष अधिवासाच्या दाखल्यापेक्षा कामाच्या ठिकाणावर असावा, असे माझे मत आहे. ते वादग्रस्त आहे हे मी जाणतो. पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा मागितला की यंदा आलेला नर्सिंग असिस्टंट आपोआप बाद होतो, आणि नेमकी त्याच्यासाठीच ही खोली आहे. त्याचे उत्पन्न वाढले तर भाडे वाढेल. ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर पुढच्या नूतनीकरणात त्याने बाजारभाव द्यावा किंवा खोली सोडावी. सोडायला लावणे राजकीयदृष्ट्या अवघड जाणार, निवडणुकीच्या वर्षात तर अशक्यप्राय होणार, आणि मालकी देऊन टाका अशी मागणी पहिल्या दहा वर्षांतच उठणार. म्हणून खोली विकण्याचा अधिकार न्यासाला नसावा, सरकारलाही नसावा, आणि ही अट शासन निर्णयात न ठेवता कायद्यात असावी, म्हणजे ती काढायची तर विधिमंडळात उघड मतदान घ्यावे लागेल. मे २०२५ मध्ये राज्याने नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य आहे आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाही उल्लेख आहे. त्या उल्लेखाची पहिली परीक्षा वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडला आहे. तिथली जमीन सरकारची आहे, बांधणारी म्हाडा सरकारची आहे, आणि विक्रीच्या बहुतेक सदनिका अजून विकल्या जायच्या आहेत.